धडक कोणी दिली?

बॉयलर पेटवल्याचे आणि मोळी टाकल्याचे फोटो यायला लागलेत. म्हणजे आठ-पंधरा दिवसांत आपल्या रस्त्यांवर उसाच्या डबल ट्रॉल्या सुरू होणार. त्याआधी एक गोष्ट लिहून मोकळं व्हायचंय. पोस्ट मोठी आहे, पण वैजापूरहून गंगापूर, श्रीरामपूर, कोपरगावच्या बाजूला रात्री मोटारसायकलवर घरी जाणाऱ्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या हंगामात, जानेवारीत, रात्री पावणेबाराला फोन आला. अमुक ठिकाणी ॲक्सिडेंट झालाय, लवकर या. (गाव आणि नाव लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे.) गेलो. दोन ट्रॉल्या निम्म्या डांबरावर, निम्म्या साईडपट्टीवर उभ्या. मागच्या ट्रॉलीचं टायर फुटलेलं. ड्रायव्हर ट्रॅक्टर सोडवून पंक्चरवाला शोधायला गेला होता. चाकाखाली दगड लावले होते, मागे पाच-सहा पावलांवर आणखी दोन दगड ठेवले होते. झाली त्याची खबरदारी. दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, साधी लाल फडकी नाही. उसाचं वाढं मागे हातभर लोंबत होतं. गावातल्या एका मेडिकलमध्ये कामाला असलेला सव्वीस वर्षांचा पोरगा दुकान बंद करून घरी चालला होता. घर तिथून दोन किलोमीटर. गाडीच्या हँडलला अडकवलेली भाजीची पिशवी तशीच होती.

मी तिथूनच मोबाईलवर बातमी पाठवली. मथळा दिला: ‘उभ्या ट्रॉलीला दुचाकीची धडक, तरुण ठार’.

हा मथळा मी गेली अठरा-वीस वर्षं देतोय. माझ्या आधीच्यांनी दिला, शेजारच्या तालुक्यातले देतात. नोव्हेंबर ते मार्च कुठलंही पान उघडा, गावाचं नाव बदलून हाच मथळा सापडेल. कधी त्यावर विचार केला नव्हता. एप्रिलमध्ये त्या पोराचे वडील कात्रण घेऊन माझ्याकडे आले. भांडायला नाही आले. पाणी घेतलं, बसले, कात्रण टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “भाऊ, माझ्या पोरानं धडक दिली, असं तुम्ही लिव्हलं. त्याला दिसलं असतं तर त्यानं दिली असती का?”

मला उत्तर देता आलं नाही. डिप्लोमाला असताना आम्हाला शिकवलं होतं की वाक्यात कर्ता नीट ठेवा, कोणी काय केलं ते स्पष्ट लिहा. या मथळ्यात कर्ता कोण? मेलेला माणूस. करणारा तोच, मरणाराही तोच. ट्रॉली बिचारी नुसती उभी होती.

आणि हा फक्त भाषेचा मामला नाही. फिर्यादीतही बहुतेक वेळा हेच वाक्य असतं: ‘भरधाव वेगात येऊन पाठीमागून धडक दिली.’ नुकसानभरपाईचा दावा लागला की हे वाक्य पोराच्या बापासमोर येऊन उभं राहतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कोणाची हे न बघता मृत्यूला ५ लाख मागता येतात. त्यापुढे मागायचं असेल तर समोरच्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि मयताचीही चूक निघाली तर तेवढ्या टक्क्यानं रक्कम कापली जाते. शेतीकामासाठी नोंदलेला ट्रॅक्टर भाड्यानं ऊस वाहत होता म्हणून विमा कंपनी वेगळी अडते. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा ट्रॅक्टरपेक्षा वेगळा असतो, तो आहे का याची चौकशी वेगळी. बापानं हे सगळं करायचं, तारखेला संभाजीनगरला जायचं, आणि पोरगा ‘भरधाव’ होता की नव्हता यावर वकिलांचं बोलणं ऐकत बसायचं.

आता भरधावचा हिशेब करू. साठच्या स्पीडला मोटारसायकल एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. डिप्पर खाली असेल तर दिव्याचा उपयोगी उजेड पडतो तीस-चाळीस मीटर. म्हणजे अंधारातली ट्रॉली दिसल्यापासून तिच्यावर आदळेपर्यंत दोन-अडीच सेकंद. त्यातला सेकंद-दीड सेकंद समोर काय आहे हे कळण्यात जातो. उसाचा रंग आणि अंधाराचा रंग रात्री सारखाच असतो. उरलेल्या वेळात, कोरड्या आणि चांगल्या रस्त्यावरसुद्धा, गाडी थांबत नाही. समोरून एखादी गाडी अप्पर मारत आली तर विचारूच नका. तोच माल, तीच ट्रॉली, पण मागे चमकणारी पट्टी नीट चिकटवलेली असेल तर ती दीडशे-दोनशे मीटरवरून चमकते. आठ-दहा सेकंद मिळतात. ब्रेक दाबायला, बाजूनं काढायला, शिवी द्यायलाही वेळ उरतो.

त्या भेटीनंतर मी पहिल्यांदा ट्रॉली नीट बघितली. इतकी वर्षं ॲक्सिडेंट झालेलीच बघत होतो. ऊस भरताना फडात गेलो, रात्री फाट्यावरच्या हॉटेलात ड्रायव्हरांसोबत चहा घेतला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पन्नास एचपीच्या ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन दोन-अडीच टन. त्यामागे दोन ट्रॉल्या, माल वीस टनांच्या आसपास, ठेकेदाराच्या मनात आलं तर त्याहून जास्त. ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. असला तरी जोडलेला नसतो. थांबवायचं काम सगळं ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांचं. चढाला पुढची चाकं उचलतात म्हणून काही जण पुढे बंपरवर वजन लावतात, आणि मी तर तिथे माणूस बसलेला पाहिलाय. उताराला उलट होतं, ट्रॉल्याच ट्रॅक्टरला ढकलतात. आपल्याकडे घाट नाही म्हणून निश्चिंत राहू नका, कालव्यावरच्या पुलांचा उतार पुरेसा आहे. हे सगळं जोडलेलं कशानं? एका दांडीनं आणि एका पिननं. खड्ड्यात दणका बसला की भार त्या पिनवर येतो. साईडपट्टी डांबरापेक्षा वीतभर खाली गेलेली असते, तिथे एक चाक उतरलं की मागची ट्रॉली कलते. नदीकाठच्या काळ्या रानातून पाणंदीनं मुख्य रस्त्याला चढताना तर दोन ट्रॅक्टर एकामागे एक लावून ओढतात. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण चालवणाऱ्याला सवय झालेली असते.

माझा एक वर्गमित्र कॅनडात आहे. तो उन्हाळ्यात बायकापोरांना घेऊन गाडीमागे राहायची ट्रॉली, म्हणजे चाकावरचं घरच, लावून उत्तरेला युकॉनकडे जातो. तिकडेही शेकडो किलोमीटर वस्ती नाही आणि काही रस्ते खडीचे. मी त्याला आपल्या ट्रॉलीचा व्हिडिओ पाठवला तर त्याचा लगेच फोन आला. त्यानं पहिला प्रश्न विचारला, “साखळी कुठंय?” हुक निसटला तर ट्रॉली सुटून जाऊ नये म्हणून त्याच्याकडे हुकाखाली दोन साखळ्या एकमेकींवरून आडव्या लावतात. दांडी खाली पडलीच तर त्या साखळ्यांच्या झोळीत अडकते, जमिनीत रुतत नाही. शिवाय एक बारीक वायर असते. ट्रॉली सुटली की ती ओढली जाते आणि ट्रॉलीचे स्वतःचे ब्रेक लागतात. निघायच्या आधी हा गाडीत बसून इंडिकेटर, ब्रेक दाबतो, बायको मागे उभी राहून लागतंय का सांगते. प्रत्येक मुक्कामाला. सहल करायला निघालेला माणूस एवढं करतो. (आपल्या सरकारनंही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय बरं का. ती गाडी रात्री आपल्या रस्त्यानं यायची म्हणाली तर तिच्यापुढे उसाची ट्रॉलीच असणार.)

कॅनडाचे कायदे, कॅनडाचे पैसे आपल्याला नकोत. साखळी तर आपल्याकडे बैलाच्या दाव्याला पण असते.

मग दिवा का लागत नाही? ड्रायव्हर लोकांना विचारलं. एक बीडकडचा तरुण होता, त्यानं सरळ सांगितलं, “सायेब, वायर लावली की फडात पाल्यात अडकून तुटती. रोज कोण जोडणार? मालकाला सांगितलं तर म्हणतो खेप किती झाल्या ते सांग.” दुसऱ्यानं मला मुद्दाम बोलावून त्याचा चालू दिवा दाखवला. दिवा खरंच चालू होता, पण पुढच्या ट्रॉलीचा. त्याच्यामागे दुसरी ट्रॉली, म्हणजे त्या दिव्याचा उजेड उसाला. मी हसलो, मग तोही हसला. तो सलग दुसऱ्या रात्री जागा होता. कारखान्यावर नंबर लागेपर्यंत यार्डात कितीही तास जातात, आणि रिकामं झालं की लगेच पुढची खेप. टेप मोठ्यानं का लावता, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, असं विचारलं तर म्हणाला, “नाय लावला तर झोप लागंल.”

या माणसाला खलनायक करून मला पोस्ट संपवता आली असती. सोपं होतं. पण ट्रॅक्टर मालकाचा, मालकावर बँकेचा हप्ता, त्यानं मुकादमाला उचल दिलेली, त्यातले काही मुकादम टोळी न आणता पैसे घेऊन गायब. टनामागे पैसे मिळतात, म्हणून जास्त भरायचं. वेळेवर काही मिळत नाही, म्हणून रात्री पळवायचं. दिव्याचा यात कुठेच हिशेब नाही. दिवा लावला म्हणून कोणी रुपया जास्त देत नाही आणि नाही लावला म्हणून कोणी कापत नाही.

कायदा म्हणाल तर कमी नाही. ट्रॉलीला मागे दिवा, लाल रिफ्लेक्टर, तिची स्वतःची नोंदणी, सगळं लिहिलेलं आहे. जादा भाराला कलम १९४ खाली २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. गाडी ‘किंवा ट्रेलर’ धोका होईल अशा जागी सोडून जाऊ नये यासाठी कलम १२२ आहे. ट्रेलर हा शब्द त्यात वेगळा घातलेला आहे, म्हणजे कायदा करणाऱ्याच्या डोळ्यासमोर १९८८ सालीच आपली ट्रॉली होती म्हणायची. पण अंमलबजावणी कुठे करणार? तालुक्यात पाणंदी किती, फाटे किती, रात्रपाळीला पोलीस किती? रस्त्यावर एक ट्रॉली अडवली की मागे रांग लागते, ऊस वाळतो म्हणून शेतकऱ्याचा फोन, मग पुढाऱ्याचा फोन, मग सोडून द्या.

म्हणून दरवर्षी काय होतं, तर ‘रिफ्लेक्टर बसवण्याचा उपक्रम’. कारखान्याच्या यार्डात मांडव, साहेब, पदाधिकारी, एका ट्रॉलीला चार पट्ट्या, टाळ्या. फोटो मीच काढतो, बातमी मीच देतो. त्या पट्ट्या आठ दिवसांत चिखलानं माखतात, पंधरा दिवसांत वाढं बांधायच्या दोरीनं सोलून निघतात. फेब्रुवारीत परत कोणी बघायला जात नाही. मीही गेलो नव्हतो.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. ट्रॉली शंभर रस्त्यांनी जाते, पण थांबते एकाच ठिकाणी: काट्यावर. एकही ट्रॉली अशी नाही जी वजन न करता गव्हाणीपर्यंत जाते. वजन होतं, पावती निघते, रिकामी झाली की परत वजन होतं. जिथे किलोकिलोचा हिशेब होतो तिथेच दोन मिनिटं मागे बॅटरी मारून बघायचं. दोन्ही ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर स्वच्छ आहेत का, मागच्या ट्रॉलीचा दिवा लागतो का, पिनला क्लिप आणि सोबत साखळी आहे का. नसेल तर आलेला ऊस उतरवून घ्या, शेतकऱ्याचं नुकसान नको, पण रिकामी ट्रॉली यार्डातून बाहेर सोडू नका. तिथेच बसवा, तिथेच वायर जोडा, पैसे वाहतुकीच्या बिलातून कापा. एक इलेक्ट्रिशियन आणि एक वेल्डर पाळीला ठेवला की झालं. एक खेप उशीर झाली की पुढच्या खेपेला ड्रायव्हर स्वतः वायर जोडून आणेल, कुणाला भाषण द्यावं लागणार नाही.

यावर मला कारखान्याशी संबंधित एका ओळखीच्यानं उत्तर दिलं: वाहनं ठेकेदाराची आहेत, आमची नाहीत. हे ऐकायला बरं वाटतं. पण ठेकेदाराशी करार कोण करतं? ॲडव्हान्स कोण देतं? कोणत्या ट्रॉलीनं कोणाच्या गटातला ऊस कधी आणायचा हे कोण ठरवतं? आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च एफआरपीतून कोण कापून घेतं? तो खर्च शेवटी ऊसवाल्याच्या पैशातूनच जातो, म्हणजे ट्रॉलीमागच्या दिव्याचे पैसे तो देतोच आहे, फक्त दिवा लागत नाही. ट्रॉली तुमची नसेल, पण तुमचा काटा तर तुमचाच आहे ना.

एकट्या कारखान्यानं सक्ती केली तर ट्रॅक्टरवाले दुसऱ्या कारखान्याला पळतील, हा मुद्दा मात्र खरा आहे. आपला तालुका अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्याच्या सीमेवर. इथला ऊस कोपरगावकडे जातो, श्रीरामपूरकडे जातो. ओढाताण आहेच. म्हणून हे एका कारखान्यावर किंवा एका जिल्ह्यावर सोडून चालणार नाही. दर हंगामाला कारखान्यांना गाळप परवाना पुण्याहून साखर आयुक्त देतात. एफआरपी थकली म्हणून परवाना अडवता येतो, तर त्याच परवान्यात ‘काट्यावर ट्रॉली तपासणार, नोंद ठेवणार’ ही एक ओळ घालता येते. सगळ्यांना एकच नियम लागला की पळून जायला जागा उरत नाही.

कोणी म्हणेल, रस्ते आधी करा. करा ना. साईडपट्ट्या भरा, खड्डे बुजवा, दर काही किलोमीटरला ट्रॉली बाजूला घ्यायला जागा सोडा. त्याच्या बातम्या मी वेगळ्या देतच आहे. पण टायर चांगल्या रस्त्यावरही फुटतं.

१५ ऑक्टोबर २०२३ ची रात्र इथल्या लोकांना आठवत असेल. समृद्धीवर जांबरगावच्या टोलनाक्याजवळ सैलानी बाबांच्या दर्शनाहून परतणाऱ्या भाविकांची मिनीबस ट्रकला मागून धडकली. १२ जण गेले. दुसऱ्या दिवशी मुंबई-दिल्लीचे कॅमेरे आपल्या सरकारी दवाखान्याच्या दारात होते, मदत जाहीर झाली, चौकशी झाली. समृद्धीवर ट्रॅक्टरला बंदी आहे, तिथे रात्री गाडी उभी का होती यावर राज्यभर चर्चा झाली. तिथून चार-दोन किलोमीटरवरच्या जुन्या रस्त्यांवर हंगामभर गाड्या तशाच उभ्या असतात, पण तिथे एका वेळी एकच माणूस जातो. एका माणसाला आतल्या पानावर तीन ओळी मिळतात. देणारा मीच.

यंदापासून माझ्या बातमीत ट्रॉलीला मागे दिवा होता की नव्हता, रिफ्लेक्टर होता की नव्हता, ट्रॉलीवर नंबर होता का, हे पहिल्या वाक्यात येईल. मथळा ‘विनादिवा ट्रॉली रस्त्यात, तरुणाचा बळी’ असा जाईल. डेस्कवरच्या मंडळींना कळवलंय, ते म्हणाले लांब होतो, बघू. पोलिसांनाही विनंती आहे की पंचनाम्यात हे तीन रकाने भरा. जागेवर फोटो काढून ठेवा, सकाळपर्यंत ट्रॉली हललेली असते आणि तिला नवीन रिफ्लेक्टर लागलेला असतो. हे मी दोनदा डोळ्यानं पाहिलंय.

आणि तुम्ही. रात्री बंद पडलेली ट्रॉली दिसली तर नुसता फोटो काढून स्टेटसला टाकू नका. आधी गाडी लांब बाजूला लावा, मागे पन्नास-साठ पावलांवर मोबाईलची बॅटरी धरून उभे राहा किंवा हॉटेलवाल्याला उठवा, ११२ ला कळवा. मागे ठेवलेले दगड निघताना ड्रायव्हर विसरतो, ते उचलून बाजूला टाका. ज्यांच्या स्वतःच्या ट्रॉल्या आहेत, त्यातले बरेच जण ही पोस्ट वाचताय हे मला माहीत आहे. टेपच्या स्पीकरपेक्षा कमी पैशात मागचा दिवा होतो.

काट्यावर तपासणी करा, असा लेखी अर्ज मी सोमवारी आपल्या भागातला ऊस नेणाऱ्या चार कारखान्यांच्या शेतकी विभागांना आणि त्याची प्रत साखर आयुक्त कार्यालयाला पाठवलाय. त्या पोराच्या वडिलांचीही सही आहे त्यावर. तीन ठिकाणची पोच आली. उत्तर आलं की इथेच टाकतो. त्यांच्या दाव्याची पुढची तारीख डिसेंबरमध्ये आहे, मी सोबत जाणार आहे.